बटण लावायला कोणी शिकवायचं?

आठवीतल्या मुलाला शर्टाचं बटण लावता येत नाही. पालक म्हणतात, शाळा काय शिकवते? शिक्षक म्हणतात, हेही आम्हीच बघायचं का? ही ढकलाढकल जुनीच आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. त्यानंतर झाकिर हुसेन समितीने आखलेल्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेतले तब्बल ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला दिली होती. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिक्षण देण्याच्या योजनेत, सूतकताई, सफाई, स्वयंपाक हाच अभ्यास होता. पण शेतकऱ्याने पोराला शाळेत घातलं होतं ते या कामांतून सुटावं म्हणून! माझ्या मते योजनेचं घोडं तिथेच अडलं.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) 'कार्यानुभव' आणला. आमच्या शाळेत तो तास बहुतेक वेळा गणिताचे सर घेऊन टाकायचे. वर्षाअखेरीला क्रोशाचं तोरण जमा करायचं असे. आदल्या रात्री आई ते विणत बसायची, मी शेजारी झोपलेलो. तोरणाचे मार्क मात्र मला. शाळेने घेतलेली जबाबदारी अशी गुपचूप घरी परत आली, आणि घरी म्हणजे आईकडे.

याला सणसणीत अपवाद पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला. तिथली मुलं वेल्डिंग, वायरिंग हातांनी करत शिकली.

नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यांची यादी दिली: निर्णय घेणं, समानुभूती, ताण हाताळणं वगैरे. यादी चांगली आहे, पण सुई-दोरा तिच्यात कुठेच नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असं विरोधकांचं म्हणणं होतं. म्हणजे शाळेने बोलायचं नाही, आणि घरी तर कोणी बोलतच नव्हतं.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे जाऊन काम शिकायचं. आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी आली, तेव्हा पहिला प्रश्न होता : "याचा प्रोजेक्ट करून द्यायचा असतो का?"