मऊ लेन्समुळे कॉर्निया कायमचा धुरकट होतो का?

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स वर्षानुवर्षे वापरल्यास कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, हळूहळू कायमचा धुरकट होतो, हा समज चुकीचा आहे. मात्र तो अगदी निराधारही नाही. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात आणि जागेपणी त्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्गे मिळतो. जुन्या हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या) लेन्समधून तो पुरेसा पोहोचत नसे, त्यामुळे कॉर्नियाला सूज येऊन दृष्टी अंधूक होई. पण लेन्स काढल्यावर ही सूज सहसा ओसरत असे. लेन्स न लावताही रात्रीच्या झोपेत कॉर्निया सुमारे ३ ते ४ टक्के सुजतोच. प्राणवायूची कमतरता दीर्घकाळ राहिल्यास कडेने सूक्ष्म रक्तवाहिन्या आत शिरतात आणि आतल्या थरातील पेशींचे आकार असमान होतात; हा दुसरा बदल बहुधा पूर्ववत होत नाही, तरी केवळ त्याने पारदर्शकता जात नाही. सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समधून प्राणवायू कितीतरी अधिक जात असल्याने हे परिणाम बरेच घटले आहेत.

पारदर्शकतेला खरा धोका जंतुसंसर्गाचा आहे, कारण त्याचा व्रण कायमचा राहू शकतो, आणि लेन्स लावून झोपल्याने किंवा नळाच्या पाण्याने ती धुतल्याने तो धोका वाढतो. वेदना, लाली किंवा प्रकाश असह्य होणे जाणवताच लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.