ग्रीकांना लाज नव्हती?

'प्राचीन ग्रीक लोक उघडेच वावरत, त्यांना लाज नव्हती' हा समज पुतळ्यांच्या फोटोंसोबत फिरत असतो. फोटो खरे आहेत. पण ती नग्नता आखाड्यातली, क्रीडास्पर्धांतली आणि मुख्यतः पुरुषांची.

अथेन्सच्या नागरिकसभेचे संकेत वेगळे होते. इ.स.पू. ३४५च्या सुमारास अथेन्सचा वक्ता एस्किनीस याने राजकारणी टिमार्कसविरुद्ध न्यायालयात सांगितलं, की याने सभेत अंगवस्त्र फेकून पहिलवानासारख्या उड्या मारल्या आणि सभ्य लोकांनी लाजेने डोळे झाकले. बोलणारा वैरी होता, तेव्हा तिखटमीठ असेलच. तरी नागरिक-ज्यूरीला पटेल म्हणूनच तो हे बोलला ना? टिमार्कस दोषी ठरला, नागरी हक्क गमावून बसला. भाषण आजही उपलब्ध आहे, परिच्छेद २५-२६ वाचा: जुने वक्ते हातसुद्धा वस्त्राबाहेर काढत नसत, असंही त्यात आहे.