सेल सारखे म्हणजे काम सारखं नव्हे

सिम्युलेशनसाठी जागेचे छोटे तुकडे, म्हणजे सेल, पाडतात आणि ते एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रोसेसमध्ये वाटतात. ऑफिसात दर महिन्याला कुणीतरी त्याचा लॉग नाचवत येतं: ‘लोड बॅलन्स झालाय, बघ, प्रत्येक प्रोसेसला २ लाख सेल.’ अरे, सेलची वाटणी झाली. लोडची झाली की नाही, ते त्या लॉगला माहीतच नसतं.

मेश, म्हणजे सगळ्या सेलची जाळी, कापणं तुम्हाला येतंच: मेटिस किंवा स्कॉच ही कापायची साधनं, तुकडे सारखे, तुकड्यांमधल्या सीमा कमी, म्हणजे देवाणघेवाण कमी. ‘सिंपल’ पद्धतीने सरळ चौकोन पाडणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता काम. ज्वलनाचं सिम्युलेशन, ३२ लाख सेल, १६ प्रोसेस. थंड हवेच्या सेलमध्ये रसायनाची समीकरणं चुटकीसरशी सुटतात. ज्योतीतल्या सेलमध्ये सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा भाग, काळाची इवलीइवली पावलं टाकत बसतो. १५ प्रोसेसची स्टेप, म्हणजे गणिताची एक फेरी, ४ सेकंदांत होते, ज्योत ज्याच्या पदरात पडली त्याला १० लागतात. पुढे दाब काढणाऱ्या प्रेशर सॉल्व्हरला सगळ्यांची बेरीज हवी, म्हणून १५ जण ६ सेकंद ताटकळतात. लोकलचे बाराही डबे सारखेच, पण दादरला पुलासमोर येणाऱ्या डब्यातली गर्दी आणि टोकाच्या डब्यातली एकच का? बरं, लोकल त्या डब्यासाठी थांबत तरी नाही. सिम्युलेशन थांबतं.

आणि ‘टॉप’मध्ये, म्हणजे कोअर किती व्यस्त ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये, सगळे कोअर १०० टक्के दिसतात, हा पुरावा मला दाखवू नका. एमपीआय म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना निरोप पाठवायची सोय; तिची ताटकळणारी प्रोसेस सहसा झोपत नाही. ‘आला का निरोप, आला का’ करत कोअर तापवत राहते. राबणारा आणि खोळंबलेला, टॉपला दोघे सारखेच.

ताटकळण्याचा वेळ वगळून प्रत्येक प्रोसेसचा वेळ मोजा आणि सर्वांत मोठ्या आकड्याला सरासरीने भागा. वरच्या उदाहरणात १० भागिले ४.४, म्हणजे २.३. उत्तर १ च्या जवळ हवं.

मग लोक मेटिसला सेलची वजनं, म्हणजे कोणत्या सेलला किती काम लागतं ते, देतात. ज्योतवाल्याला सेल कमी मिळतात, रसायन जुळतं, पण प्रवाहाच्या गणिताला सेलची संख्याच लागते, तिथे आता बाकीचे मागे पडतात. शिवाय ज्योत सरकली की वाटणी पुन्हा, सगळा डेटा इकडून तिकडे. मी मेशला हातच लावत नाही. ज्योतीतल्या सेलचं फक्त रसायन रिकाम्या प्रोसेसकडे पाठवतो आणि उत्तर परत घेतो. रसायनापुरता सेलला शेजारी लागत नाही.