मुदतवाढ आणि सवलतीचे दिवस

‘सर मुदत देतात’ असे विद्यार्थी म्हणतात, तेव्हा दोन निराळ्या गोष्टींना ते एकच नाव देत असतात. एक म्हणजे मुदतवाढ: विद्यार्थी कारण सांगतो, शिक्षकाला ते पटले तर तो नवी तारीख देतो. दुसरी म्हणजे सत्राच्या आरंभीच प्रत्येकाला दिलेले सवलतीचे दिवस, समजा चार, जे कोणतेही कारण न सांगता हव्या त्या स्वाध्यायासाठी वापरता येतात.

दोन्हींत काम उशिरा येऊनही गुण कापले जात नाहीत, म्हणून घोटाळा होतो. परंतु मुदतवाढ मागावी लागते, आणि मागण्याचे धैर्य सर्वांपाशी सारखे नसते. पहिल्या बाकावरचा विद्यार्थी स्टाफरूमच्या दारात उभा राहून सहज बोलतो; रात्रपाळी करून वर्गात येणारा मात्र अर्धवट लिहिलेली उत्तरे तशीच जमा करतो, कारण आपली अडचण ‘कारण’ म्हणून चालेल की नाही, हेच त्याला ठाऊक नसते. त्यात वैद्यकीय दाखल्याची अट घातली, की दोन दिवसांच्या तापासाठी डॉक्टरकडे जायचे ते औषधाकरिता नव्हे, कागदाकरिता.

सवलत नियमातच असण्याचे परिचित उदाहरण एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमाचे आहे. तेथील १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक स्वाध्यायांपैकी सर्वोत्तम ८ धरले जातात आणि अंतिम गुणांत त्यांचा वाटा २५ टक्के असतो. हे सवलतीचे दिवस नव्हेत, चुलत भावंड म्हणा. पण येथेही कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

मात्र चार दिवस डेंग्यूला पुरत नाहीत; तेथे मुदतवाढच हवी. मूडल ही स्वाध्याय ऑनलाइन जमा करून घेणारी प्रणाली वापरणाऱ्यांना हा भेद दोन तारखांत मांडता येतो. ‘ड्यू डेट’ उलटल्यावरही काम स्वीकारले जाते, फक्त उशिराची नोंद होते. ‘कट-ऑफ डेट’नंतर शिक्षकाने त्या विद्यार्थ्याला स्वतंत्र मुदतवाढ दिल्याखेरीज ते स्वीकारले जात नाही. सवलतीचे दिवस या दोन तारखांच्या मधले. माझ्या वर्गात हे अंतर दोनच दिवसांचे असते, कारण तिसऱ्या दिवशी तीच उदाहरणे मी फळ्यावर सोडवून दाखवतो.