एचडी डीव्हीडी की ब्लू-रे? ०.१ मिलिमीटरवरून पेटलेल्या वादाची पार्श्वभूमी

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे ही डीव्हीडीनंतर आलेली, जास्त स्पष्ट चित्र देणाऱ्या चित्रपट-डिस्कची दोन प्रतिस्पर्धी स्वरूपे. १९ फेब्रुवारी २००८ रोजी एचडी डीव्हीडीच्या प्रमुख पुरस्कर्त्या कंपनीने प्लेअर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले आणि जवळजवळ दोन वर्षे ग्राहकांना छळणारा प्रश्न एका दिवसात निकालात निघाला. तोवर दुकानात दोन फळ्या असत. एकीवर एचडी डीव्हीडीची लाल खोकी, दुसरीवर ब्लू-रेची निळी. काही चित्रपट दोन्हीकडे मिळत, चित्रही तितकेच स्वच्छ असे, पण लाल खोक्यातली डिस्क निळ्यावाल्यांच्या प्लेअरमध्ये चालत नसे आणि निळ्यातली लालवाल्यांच्या. आता या प्रकरणाकडे पाहणारे बहुतेक जण 'ब्लू-रेत जागा जास्त होती, म्हणून ती जिंकली' असे म्हणून मोकळे होतात. जागा जास्त होती, यात शंका नाही. पण भांडण मुळात कारखान्यातल्या यंत्रांवरून सुरू झाले आणि मिटले ते चित्रपट कोणाच्या हातात आहेत यावरून.

या विषयात व्हीएचएस आणि बीटामॅक्स या व्हिडिओ कॅसेटच्या दोन प्रतिस्पर्धी स्वरूपांचा दाखला हमखास दिला जातो. तो फारसा उपयोगाचा नाही. जास्त जवळचा दाखला डीव्हीडीचाच आहे. १९९५ सालीही दोन गट दोन वेगवेगळे आराखडे घेऊन उभे होते. संगणक उद्योगातून दबाव आल्यावर वर्षअखेरीस त्यांच्यात तडजोड झाली. ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या पाठीला पाठ चिकटवायची रचना एका गटाची, तर माहिती सांकेतिक रूपात लिहिण्याची पद्धत दुसऱ्याची. पहिल्या गटाच्या म्होरक्याने पुढे एचडी डीव्हीडी आणली आणि दुसऱ्याच्या पुढाऱ्यांनी ब्लू-रे. म्हणजे २००५ साली वाटाघाटीच्या टेबलावर बसलेली माणसे एकमेकांना चांगलीच ओळखून होती.

लेझरबद्दल दोघांत वाद नव्हताच. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा तांबडा लेझर सोडून ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा घ्यायचा, हे दोघांनाही मान्य होते. फरक होता भिंगात. लेझरचा ठिपका किती बारीक करता येईल हे तरंगलांबीइतकेच भिंगाच्या 'न्यूमरिकल ॲपर्चर'वर, म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते यावर ठरते. डीव्हीडीसाठी हा आकडा ०.६० होता. एचडी डीव्हीडीने तो जेमतेम ०.६५ पर्यंत नेला, तर ब्लू-रेने थेट ०.८५. त्यामुळे ब्लू-रेवर माहितीच्या दोन शेजारच्या रेघांमधले अंतर ०.३२ मायक्रोमीटर इतके कमी ठेवता आले. एचडी डीव्हीडीवर ते ०.४० होते. एका थरावर ब्लू-रेत २५ जीबी, एचडी डीव्हीडीत १५ जीबी, हा हिशेब इथूनच आला.

मग दुसऱ्या गटानेही ०.८५ का घेतला नाही? कारण तो आकडा फुकट मिळत नाही. फिरताना डिस्क किंचित जरी कलली तरी ठिपका पसरट होतो आणि हा दोष त्या आकड्याच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ०.६० वरून ०.८५ वर गेले की बाकी सगळे तेच ठेवूनही तो जवळजवळ तिप्पट होतो. शिवाय लेझर ज्या पारदर्शक प्लास्टिकमधून आत शिरतो त्याच्या जाडीबरोबरही तो वाढतो. म्हणून जाडी कमी करण्यावाचून गत्यंतर नसते. सीडीत माहितीचा थर १.२ मिलिमीटर खोल असे, डीव्हीडीत ०.६. ब्लू-रेत तो पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आला.

हा ०.१ दिसायला क्षुल्लक आहे, पण त्याने दोन मोठे प्रश्न उभे केले. पहिला ओरखड्यांचा. थर पृष्ठभागाच्या इतका जवळ असला की बोटांचे ठसे आणि ओरखडेही लेझरच्या जवळजवळ टप्प्यातच येतात. एप्रिल २००३ मध्ये जपानमध्ये पहिला ब्लू-रे रेकॉर्डर विक्रीला आला तेव्हा डिस्क प्लास्टिकच्या पेटीत बंद असे आणि पेटीसकटच आत सरकवावी लागे. चित्रपटांच्या बाजारात हे चालण्यासारखे नव्हते. पुढे पृष्ठभागावर कठीण लेप देण्याचे तंत्र निघाले आणि पेटी गेली. हा लेप इतका चांगला निघाला की ब्लू-रे डिस्कवर आज डीव्हीडीपेक्षाही कमी ओरखडे पडतात.

दुसरा प्रश्न कारखान्याचा, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच. एचडी डीव्हीडीने ०.६ अधिक ०.६ ही जुनी रचना तशीच ठेवली होती. त्यामुळे चालू डीव्हीडीच्या यंत्रांत थोडे फेरफार करून नवी डिस्क काढता येई आणि मागणी घटली तर त्याच यंत्रांवर पुन्हा डीव्हीडी. शिवाय एका बाजूला एचडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी अशी जोडडिस्कही त्यात सहज बसे. ब्लू-रेसाठी १.१ मिलिमीटरच्या चकतीवर ०.१ मिलिमीटरचा एकसारखा थर चढवायचा, म्हणजे नवी यंत्रे, नवी शिस्त आणि सुरुवातीला वाया जाणारा मालही जास्त. डीव्हीडीच्या यंत्रांत ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांना हे नको असणे स्वाभाविक होते. ज्यांना डीव्हीडीच्या रॉयल्टीच्या चौकटीबाहेर पडून नवा डाव मांडायचा होता त्यांना ते हवे असणेही तितकेच स्वाभाविक.

२००५ च्या वसंतात दोन्ही गट एकत्र बसले. ऑगस्टपर्यंत बोलणी फिसकटली. त्याचे खापर अहंकारावर फोडण्याची पद्धत आहे आणि अहंकार होताच. पण इतर वादांत मधला आकडा काढता येतो, तसा इथे काढता येत नव्हता. ०.३ मिलिमीटर ही जाडी दोघांच्याही कामाची नव्हती. ती घेतली तर जुनी यंत्रेही हातची जाणार आणि ०.८५ चे भिंगही. सॉफ्टवेअर याचे, डिस्क त्याची, अशी वाटणी शक्य होती आणि तीवर चर्चाही झाली. अडले ते डिस्क कोणाची यावर. जाडी सोडायला दोघेही तयार नव्हते आणि माझ्या मते त्या घडीला दोघांचेही बरोबर होते. नुकसान झाले ते त्या टेबलावर नसलेल्याचे, म्हणजे ग्राहकाचे.

गंमत अशी, की ज्या जागेसाठी हा सगळा खटाटोप झाला ती सुरुवातीला वापरलीच गेली नाही. एचडी डीव्हीडी २००६ च्या मार्चअखेरीस जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत आली. जूनमध्ये आलेल्या पहिल्या ब्लू-रे डिस्क एकाच थराच्या, २५ जीबीच्या होत्या आणि त्यांवरची चित्रे जुन्या एमपेग-२ पद्धतीने दाबलेली, म्हणजे कमी जागेत बसवलेली. समोर ३० जीबीच्या दुथरी एचडी डीव्हीडी, नव्या व्हीसी-१ पद्धतीच्या. त्या उन्हाळ्यात परीक्षकांनी उघड उघड एचडी डीव्हीडीला वरचढ ठरवले. वर्षअखेरीस ५० जीबीच्या ब्लू-रे डिस्क येऊ लागल्या आणि तो फरक ओसरला. दोन्हीकडे आकृतिबंध १०८० रेघांचा आणि दाबण्याच्या पद्धतीही त्याच. त्यामुळे चित्रावरून निवड करावी असे काही उरलेच नाही.

प्लेअरमध्ये मात्र फरक होता. एचडी डीव्हीडीच्या पहिल्या प्लेअरपासूनच इंटरनेटची जोडणी, कोपऱ्यात दुसरे चित्र दाखवण्याची सोय आणि थोडी साठवण सक्तीची होती. ब्लू-रेने हे हप्त्याहप्त्याने आणले. प्लेअरला काय काय यायला हवे याच्या यादीला 'प्रोफाइल' म्हणत. आधी प्रोफाइल १.०, मग नोव्हेंबर २००७ पासूनच्या नव्या प्लेअरना १.१, आणि इंटरनेटसह २.०. ज्याने २००६ मध्ये ९९९ डॉलर मोजून पहिला ब्लू-रे प्लेअर घेतला त्याला मूळ चित्रपट पुढेही पाहता आला, पण दीड वर्षाने आलेल्या डिस्कवरच्या जास्तीच्या गोष्टी दिसेनात. एचडी डीव्हीडीचा पहिला प्लेअर त्याच्या निम्म्या किमतीत, ४९९ डॉलरला होता. आत चक्क संगणकाचा पेंटियम ४ प्रोसेसर बसवला होता आणि तो सुरू व्हायला संगणकाइतकाच वेळ घेई. आणखी एक फरक आज विसरला जातो. एचडी डीव्हीडीला प्रदेशांचे कुलूप, म्हणजे एका प्रदेशातली डिस्क दुसऱ्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालू न देण्याची सोय, नव्हते. ब्लू-रेने जगाचे ए, बी आणि सी असे तीन तुकडे केले. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर २००६-०७ मध्ये लाल खोकेच जास्त सोयीचे होते, असे मला वाटते.

पण ग्राहक डिस्क विकत घेत नाही, चित्रपट घेतो. मोठ्या स्टुडिओंपैकी तीन सुरुवातीपासून फक्त ब्लू-रेकडे होते आणि एक फक्त एचडी डीव्हीडीकडे. दोन मोठे स्टुडिओ दोन्हींवर चित्रपट काढत. त्यात नोव्हेंबर २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हा गेम खेळण्याचा कन्सोल आला. प्रत्येक कन्सोलमध्ये ब्लू-रे प्लेअर होताच, घेणाऱ्याला चित्रपट पाहायचे असोत की नसोत. त्याच महिन्यात एक्सबॉक्स ३६० या प्रतिस्पर्धी कन्सोलसाठी एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह निघाला, पण तो वेगळा, १९९ डॉलरला, ज्याला हवा त्याने घ्यावा असा. इथूनच आकड्यांचा खेळ सुरू झाला. एक गट फक्त सुटे प्लेअर मोजून आपण पुढे असल्याचे सांगे, दुसरा कन्सोल धरून. डिस्कच्या विक्रीत मात्र २००७ मध्ये ब्लू-रे ठळकपणे पुढे गेली.

२००७ चे वर्ष धावपळीचे गेले. दोन्ही डिस्क चालणारे प्लेअर आले, पण महाग. दोन्ही स्वरूपे एकाच डिस्कच्या दोन बाजूंना देण्याची घोषणा जानेवारीत झाली. ती डिस्क बाजारात कधीच दिसली नाही. जूनमध्ये चित्रपट भाड्याने देणाऱ्या मोठ्या अमेरिकी साखळीने आपल्या १,४५० दुकानांत या दोहोंपैकी फक्त ब्लू-रे ठेवायचे ठरवले. ऑगस्टमध्ये दोन्हींवर चित्रपट काढणाऱ्या दोन स्टुडिओंपैकी एक फक्त एचडी डीव्हीडीकडे गेला. त्यासाठी १५ कोटी डॉलरच्या आसपास सवलती दिल्या गेल्याच्या बातम्या आल्या आणि त्या बातम्यांनी नव्या साथीदारापेक्षा घबराटच जास्त दाखवून दिली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एचडी डीव्हीडीचा प्लेअर एका सेलमध्ये ९८ डॉलर ८७ सेंटला विकला गेला. लोकांनी तो उचललाही. पण १०० डॉलरला प्लेअर घेणारा माणूस महाग डिस्कही घेईलच, असे नसते.

४ जानेवारी २००८ रोजी दोन्हीकडे चित्रपट देणाऱ्या उरलेल्या मोठ्या स्टुडिओने मे अखेरीनंतर फक्त ब्लू-रे काढणार असल्याचे सांगितले. लास वेगासचे वार्षिक इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शन तोंडावर आले होते. एचडी डीव्हीडी गटाने तिथली आपली पत्रकार परिषद रद्द केली. पुढचे सहा आठवडे म्हणजे केवळ वाट पाहणे होते. ११ फेब्रुवारीला पोस्टाने डिस्क पाठवणारी सेवा आणि एक मोठी दुकानसाखळी, १५ ला सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती कंपनी आणि १९ ला खुद्द निर्माती कंपनी, असे एकेक जण बाजूला झाले. ज्यांनी प्लेअर घेतले होते त्यांना एका दुकानसाखळीने ५० डॉलरचे गिफ्ट कार्ड दिले. बाकीच्यांनी आपली लाल खोकी कपाटात टाकली.

हरलेल्या कंपनीने २००९ मध्ये स्वतःच ब्लू-रेच्या गटात नाव नोंदवले. २०१६ मध्ये आलेली ४के ब्लू-रे त्याच ०.१ मिलिमीटरच्या रचनेवर उभी आहे, तीन थरांत १०० जीबीपर्यंत. तिला प्रदेशांचे कुलूप नाही, हा एचडी डीव्हीडीचा गुण दहा वर्षांनी विजेत्याने उचलला. तोवर घरी चित्रपट पाहणाऱ्यांपैकी बरेच जण डिस्क सोडून स्ट्रीमिंगकडे वळले होते आणि २००८ च्या विजयाचा मोठा हिस्सा त्यातच विरून गेला.

लाल खोकी जपून ठेवणाऱ्यांपुढे आज वेगळीच अडचण आहे. त्या काळातल्या काही डिस्क, विशेषतः एका स्टुडिओच्या, नुसत्या ठेवून ठेवूनच वाचेनाशा होऊ लागल्या आहेत. म्हणून संग्राहक एक्सबॉक्सचा तो १९९ डॉलरचा ड्राइव्ह जुन्या बाजारात शोधतात. तो यूएसबीने संगणकाला जोडता येतो आणि डिस्क अजून वाचली जात असेल तर तिच्यावरचा चित्रपट हार्ड डिस्कवर उतरवून घेता येतो.