फोटोवाल्यांच्या पिक्चरमध्ये खूनच का होतो? जरा मागचं सांगतो

गेल्या महिन्यात बेळगावात टिळकवाडीत मित्राच्या गच्चीवर पडदा लावून 'जाने भी दो यारों' बघितला, बारा-पंधरा जण होतो, निम्म्यांना डायलॉग तोंडपाठ. संपल्यावर मित्राची मुलगी म्हणाली, काका, फोटोग्राफरच्या पिक्चरमध्ये सारखा खूनच कसा काय होतो ओ? कुंदा, म्हणजे आमची बेळगावची मिठाई, तोंडात होता म्हणून काहीतरी बोलून सुटलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. दहावीनंतर चार वर्षं मी शहापुरात मामांच्या स्टुडिओत, फोटो धुवायच्या डार्करूममध्ये काढलीत, मलाच नीट सांगता येऊ नये म्हणजे काय.

तर सुरुवातीपासून. सिनेमा हा फोटो स्टुडिओच्याच पोटातून आलाय. सिनेमा सुरू करणाऱ्या फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा बाप अंत्वान हा मुळात पोर्ट्रेट काढणारा माणूस आणि लिओंला त्यांचा फोटोच्या काचा, म्हणजे प्लेटा, बनवायचा कारखाना होता. जून 1895 मध्ये तिथं फोटोग्राफर लोकांचं अधिवेशन भरलं तेव्हा बोटीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना ल्युमिएरनी फिल्मवर घेतलं आणि लगेच त्याच पाहुण्यांना ते दाखवलंसुद्धा. पॅरिसचा तो प्रसिद्ध तिकीट लावून केलेला खेळ डिसेंबरमधला, म्हणजे त्याच्याही सहा महिने आधी पडद्यावर कोण, तर फोटोग्राफर! उतरता उतरता ते कॅमेऱ्याकडे बघतात, टोप्या काढतात, लग्नातल्या व्हिडिओवाल्यासमोर आपले पाहुणे करतात अगदी तसं.

आपल्याकडंही तेच. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, मुंबईत फोटो स्टुडिओ चालवायचे. ल्युमिएरचा खेळ बघून त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि 1899 ला हँगिंग गार्डनमध्ये पहिली चित्रफीत घेतली ती कुस्तीची (बेळगावकराला यात काय विशेष वाटणार नाही, दुसरं काय घेणार होते). फाळके पण मूळचे फोटोवालेच, गोध्र्याला स्टुडिओ टाकला होता, प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं आणि ते सगळं आवरून निघाले. पुढं 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते त्यांनी थोडं थोडं करत फिल्मवर घेतलं, भांडवल देणाऱ्याला पटावं म्हणून. म्हणजे पहिल्यापासून फोटो हा कुणाला तरी काहीतरी पटवायलाच लागतोय. पुरावा म्हणून. हे लक्षात ठेवा, खून इथनंच येतोय.

उलटा व्यवहारपण झालाय. सिनेमाची 35 मिलिमीटरची पट्टी घेऊन ऑस्कर बार्नाक नावाच्या जर्मन माणसानं ती आडवी चालवली, सिनेमाच्या दोन चौकटींएवढी एक चौकट केली आणि 1925 ला लायका बाजारात आला. आपण जो 36 फोटोंचा रोल घालायचो तो मूळचा सिनेमाचाच. कॅमेरा खिशात मावायला लागल्यावर फोटोग्राफर स्टुडिओतनं रस्त्यावर आला आणि पिक्चरवाल्यांना हिरो सापडला. अगदी सुरुवातीचा म्हणजे बस्टर कीटनचा 1928 चा 'द कॅमेरामन', त्यात तो फुटपाथवर पत्र्यावरचे फोटो काढून देणारा बिचारा असतो, हसण्यावारी नेलेला. नंतर मात्र हा माणूस बघणारा झाला. 1954 च्या 'रियर विंडो'त पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेला फोटोग्राफर खिडकीतनं शेजाऱ्यांवर लेन्स लावतो, संशय पक्का होतो तो जुन्या स्लाइड आणि आजची बाग ताडून, कारण दोन आठवड्यांत फुलझाडं वाढायच्या ऐवजी बुटकी झालेली असतात! आणि खुनी अंगावर आल्यावर हातात हत्यार काय, तर फ्लॅशचे बल्ब. 1960 ला फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'त पापाराझो नावाचा फोटोग्राफर होता, त्याच्या नावानं पुढं सगळी जमातच पापाराझी म्हणून ओळखली जायला लागली.

पण सगळ्यांचा बाप 1966 चा 'ब्लो-अप'. अंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकानं तो हुलियो कोर्तासारच्या कथेवरनं सुचवून घेतला, पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला सर्वोच्च बक्षीस. लंडनचा फॅशन फोटोग्राफर बागेत एका जोडप्याचे फोटो काढतो, बाई रोल मागायला मागं लागते, म्हणून हा घरी येऊन प्रिंट मोठ्या करत जातो, अजून मोठ्या, अजून मोठ्या, आणि झाडीत पिस्तूल दिसतं, मग आडवा पडलेला माणूस. बागेतलं गवत पुरेसं हिरवं नाही म्हणून अंतोनिओनीनं ते रंगवून घेतलं होतं म्हणे. आणि शेवटी हाताशी राहते एकच प्रिंट, इतकी मोठी केलेली की नुसते ठिपके.

हे ठिपके मला ठाऊक आहेत. मामांकडं ग्रुप फोटोतनं वारलेल्या माणसाचं डोकं तेवढं मोठं करून मागायला लोक यायचे, खानापूरकडनं, निपाणीकडनं, दुसरा फोटोच नसायचा. फोटो मोठा करायचा एनलार्जर वर वर न्यायचा, लाल बल्बखाली कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा, ट्रे हळू हलवायचा. आधी काहीच नाही. मग केस येतात, मग भुवया, मग मिशी, गाल सगळ्यात शेवटी. पुढं हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यात, टाकेपर्यंत श्वास धरून. ग्रेन, म्हणजे तेच ठिपके, एवढा फुटायचा की जवळनं बघितलं तर वाळू, लांबनं बघितलं तर आजोबा, आणि मामा मग ब्रशनं टचिंग करत बसायचे, नाकाला कड द्यायचे. एकदा मीच बाहेर कुणी हाक मारली म्हणून दार उघडलं आणि लग्नाचा अख्खा रोल धुरकट काळा. मामा मला काही बोलले नाहीत, त्या घरी स्वतः जाऊन आले.

म्हणून माझं उत्तर असं आहे की रोलच्या जमान्यात काढणं आणि दिसणं यात दिवस जायचे, कधी आठवडे. काढणाऱ्यानं जे बघितलंच नाही ते कॅमेऱ्यानं बघून ठेवलेलं असायचं आणि ते अंधारात, एकट्याला, उशिरा कळायचं. गोष्ट सांगणाऱ्याला आणि काय पाहिजे? 'जाने भी दो यारों' (1983, सरकारी एनएफडीसीच्या पैशातला, आणि त्यात आपल्या 'ती फुलराणी'वाल्या भक्ती बर्वे) मध्ये कुंदन शहांनी बागेचं नावच अंतोनिओनी पार्क ठेवलंय. तिथं फोटो मोठा केल्यावर बिल्डर पिस्तुलासकट सापडतो, पण गंमत पुढं आहे, पुरावा पक्का असूनही तुरुंगात फोटोवालेच जातात. 'ब्लो-अप'मध्ये पुरावा ठिपक्यात विरतो, इथं ठसठशीत दिसतो आणि कुणाला नको असतो. मला तर आपलाच जास्त भीतीदायक वाटतो. कागदपत्रं घेऊन ऑफिसांचे उंबरे झिजवलेल्या सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

1984 चा 'द किलिंग फील्ड्स' पण याच घरातला. कंबोडियाच्या नॉम पेन्हमध्ये दिथ प्रान या तिथल्या पत्रकाराला वाचवायला खोट्या पासपोर्टचा फोटो पाहिजे, जुळवाजुळव करून प्रिंट काढतात, चेहरा येतो आणि नीट फिक्स न झाल्यानं परत नाहीसा होतो. तो सीन लागला की माझ्या हाताला हायपोचा वास येतो, खरंच.

मग मिनी लॅब आल्या, डार्करूम काचेपलीकडच्या मशीनमध्ये गेली. 2002 च्या 'वन अवर फोटो'त रॉबिन विल्यम्स मशीनवर बसून गिऱ्हाइकाच्या कुटुंबाच्या जादा प्रिंट स्वतःसाठी काढत राहतो. आमच्याकडं गल्लीत कुणाकडं काय चाललंय हे फोटोवाल्याला आधी कळायचंच, फक्त तो बोलायचा नाही. डिजिटल आल्यावर तर मधला वेळच संपला. 2010 च्या शेवटी अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावातल्या शेवटच्या लॅबनं कोडाक्रोम हा रंगीत रोल धुणं बंद केलं, त्यावरपण एक पिक्चर आला, बापलेकाचा. एकूणच आता या पिक्चरमधनं खून कमी झाला आणि आठवण वाढली. 2019 च्या 'फोटोग्राफ'मध्ये गेटवेवरचा फोटोवाला अनोळखी मुलीचा फोटो ही माझी होणारी बायको म्हणून आजीला पाठवतो, बस.

मला यातला सगळ्यात जवळचा 2016 चा मल्याळम 'महेशिंते प्रतिकारम'. इडुक्कीतला साधा स्टुडिओवाला, चारचौघांत मार खातो आणि बदला घेतल्याशिवाय चप्पल घालणार नाही म्हणतो. खूनबीन काही नाही. पासपोर्ट फोटो काढताना तो हनुवटी जरा वर, जरा खाली, डोळे उघडे असं सांगत राहतो. मामांना आता ऐकायला कमी येतं, इंग्लिश सबटायटल वाचता येत नाहीत, तरी मोबाईलवर तेवढा सीन दाखवला. आमच्या स्टुडिओत मामा मराठी गिऱ्हाइकाला हसा म्हणायचे आणि कन्नड गिऱ्हाइकाला स्वल्प नगरी, म्हणजे जरा हसा, नुसतं बघून समोरचा कोण ते बरोबर ओळखून. सीन दोनदा बघितला आणि म्हणाले, पोरगं बरं सांगतंय, पण नगरी म्हणायचं राहिलं की त्याचं.