स्टिरिओ ध्वनिमुद्रणाची साधने : निवडीमागची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये ध्वनिमुद्रकाला पाडवा पहाटेच्या मैफलीतील तंबोरा आणि विसर्जन मिरवणुकीतील ढोल हे दोन्ही टिपावे लागतात. साधनांच्या निवडीचा, विशेषतः नव्या ३२ बिट रेकॉर्डरची खरोखर गरज आहे का, हा वादही बराचसा अतिशय हळू आणि अतिशय मोठ्या आवाजाच्या या दोन टोकांमधलाच आहे.

एकाच जागी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनची मांडणी १९३१ च्या ब्रिटिश पेटंट अर्जात आहे; स्टिरिओ तबकड्या मात्र १९५८ च्या सुमारास बाजारात रुळल्या. पुढे फ्रेंच नभोवाणीत १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन ही मांडणी रूढ झाली. ती आजही वापरली जाते.

खरा पेच डिजिटल काळात निर्माण झाला. चुंबकीय फितीवर आवाजाच्या पातळीने मर्यादा थोडी ओलांडली तरी आवाज हळूहळू बिघडत असे. १९८७ मध्ये आलेल्या डॅट (डिजिटल फितीवर नोंद करणाऱ्या) यंत्रावर मात्र तो मर्यादेपाशी सरळ छाटला जाऊ लागला. त्यामुळे आवाज आणि मर्यादा यांच्यात मोकळी जागा ठेवणे भाग पडले, आणि १६ बिटच्या (आवाजाचा प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांत नोंदवण्याच्या) सुमारे ९६ डेसिबल आवाक्यात तेवढी जागा सोडली की तंबोऱ्याचा विरत जाणारा नाद तळाच्या खरखरीच्या जवळ जाई. २४ बिटने ही अडचण जवळजवळ संपवली, कारण २० डेसिबल मोकळे सोडूनही ऐकण्याजोगे काही हरवत नाही.

तरीही २०१९ नंतर छोट्या रेकॉर्डरमध्येही ३२ बिट फ्लोट (दशांशचिन्ह सरकू शकणाऱ्या आकड्यांत, म्हणून प्रचंड आवाक्यात नोंद करण्याची पद्धत) आले आणि पातळी लावण्याची गरजच उरली नाही, असा प्रचार सुरू झाला. या यंत्रांत सहसा वेगवेगळ्या पातळीवर चालणारे दोन कन्व्हर्टर (आवाजाच्या विद्युत संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग) असतात आणि त्यांची नोंद एकत्र केली जाते. एकट्याने चालत मिरवणूक टिपणाऱ्याला त्याचा उपयोग नाकारता येणार नाही. पण ढोलाच्या अगदी जवळ मायक्रोफोनच स्वतःच्या मर्यादेबाहेर गेला, तर बिघडलेला आवाज फ्लोट फाइलमध्ये तितक्याच निष्ठेने उतरतो. तंबोऱ्याच्या बाबतीत मायक्रोफोनची स्वतःची खरखर निर्णायक ठरते आणि तीही बिट वाढवून कमी होत नाही. त्यामुळे जाहिरातीतील बिटच्या आकड्याला मिळणारे महत्त्व अवाजवी वाटते. मर्यादित पैशांत जुळणाऱ्या दोन कंडेन्सर मायक्रोफोनना, त्यांना केबलमधूनच लागणारी वीज म्हणजे ४८ व्होल्ट फँटम पुरवठा देणाऱ्या साध्या २४ बिट रेकॉर्डरला आणि गोदाकाठच्या वाऱ्यासाठी केसाळ आवरणांना आधी स्थान मिळायला हवे. शिवाय फ्लोट फाइल ऐकणाऱ्यापर्यंत पोचवण्यापूर्वी बहुधा १६ किंवा २४ बिटमध्ये उतरवावीच लागते, आणि टाळलेला पातळीचा निर्णय तेव्हा घ्यावा लागतो.